बाहेरची बॅटरी टाकताय? चिकटवायच्या आधी मोजून घ्या

दुकानात मोबाईलची बॅटरी मागितली की समोरून ठरलेलं उत्तर येतं, ओरिजिनल आहे, कंपनीची आहे, सहा महिने बघायला नको. ऑनलाइन घेतली तर तेच वाक्य इंग्रजीत आणि खाली पाच स्टार. आता त्यात खरं किती हे स्टिकरवरून कळत नाही, फोन १०० टक्के दाखवतोय म्हणून कळत नाही, आणि पहिल्या दिवशी "एकदम मस्त चालतेय" वाटतं त्यावरून तर अजिबातच नाही, कारण मेलेल्या बॅटरीनंतर कुठलीही बॅटरी दोन दिवस मस्तच वाटते. मोजल्यावर कळतं. आणि मोजायला काही लॅब वगैरे लागत नाही, एक यूएसबी मीटर, एखादं फुकटचं ॲप, जमलं तर मल्टिमीटर आणि दोन-तीन दिवस थांबायची तयारी, बास.

फक्त एक गोष्ट बहुतेक लोक उलटी करतात. नवीन बॅटरी बसवतात आणि मग मोजायला लागतात. मोजायला सुरुवात जुन्या बॅटरीपासून करायची.

आधी जुनी मोजा

यूएसबी मीटर म्हणजे चार्जर आणि केबलच्या मध्ये अडकवायची छोटी डबी, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात किंवा ऑनलाइन साधारण पाचशे-हजारात मिळते. घेताना एवढंच बघा की तो नुसते व्होल्ट आणि अँपिअर दाखवणारा नको, वॅट-अवर (म्हणजे एकूण किती ऊर्जा गेली ते) मोजून ठेवणारा पाहिजे, आणि तुमचा चार्जर टाईप-सीवाला असेल तर मीटरलाही दोन्हीकडे टाईप-सी पाहिजे.

मग जुनी बॅटरी फोनमध्ये असतानाच फोन बंद पडेपर्यंत वापरायचा (हे टेस्टपुरतं एकदा, रोज नाही), मीटर शून्य करायचा आणि फोन बंद ठेवूनच १०० पर्यंत चार्ज करायचा. मीटरवर आलेला वॅट-अवरचा आकडा कागदावर लिहून ठेवायचा. कुठला चार्जर, कुठली केबल हेही लिहा, कारण नवीन बॅटरीला हेच सगळं जसंच्या तसं परत करायचंय. फोन शून्याला बंद पडला की १८ टक्के असतानाच गचकन बंद पडला तेही लिहा, ते पुढे कामाला येतं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर मीटर जे मोजतो ते सगळं बॅटरीत जात नाही. थोडं केबलमध्ये जातं, थोडं फोनच्या चार्जिंग सर्किटमध्ये उष्णता होऊन जातं, आणि ते किती जातं हे फोनगणिक वेगळं. पण तोच फोन, तोच चार्जर, तीच केबल असेल तर दोन्ही वेळेला जवळपास तेवढंच जाणार, म्हणजे जुन्या-नव्याची तुलना केली की ती गळती आपोआप वजा होते. जुनीचा आकडा नसेल तर तुमच्याकडे नुसता अंदाज उरतो.

आणि वॅट-अवरच का, एमएएच (मिलिअँपिअर-अवर, बॅटरीवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा) का नाही, हे नीट समजून घ्या कारण इथेच सगळा गोंधळ होतो. बॅटरीवरचे एमएएच हे तिच्या स्वतःच्या व्होल्टेजला धरून असतात, ३.८५ व्होल्टच्या आसपास. मीटर मात्र केबलमधले एमएएच मोजतो, आणि तिथे कधी ५ व्होल्ट असतात, फास्ट चार्जिंग चालू झालं की ९ व्होल्ट. रेडमी नोट ७ प्रोचं उदाहरण घ्या, त्याची बीएन४ए नंबरची बॅटरी ४००० एमएएच, ३.८५ व्होल्ट, म्हणजे १५.४ वॅट-अवर. चार्जिंगमधली गळती धरून मीटरवर साधारण १७ ते १८ वॅट-अवर दिसायला पाहिजेत. तेच एमएएचमध्ये बघितलं तर ५ व्होल्टवर ३५०० च्या आसपास दिसतील आणि ९ व्होल्टवर फक्त १९००-२०००. बॅटरी तीच! ९ व्होल्टवरचा आकडा बघून "अर्धीच बॅटरी दिली" म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, तो बिचारा त्या एका बाबतीत तरी निर्दोष असतो.

वनप्लस, ओप्पो, रिअलमीच्या स्वतःच्या फास्ट चार्जिंगला मध्ये साधा मीटर आला की ते फास्ट चार्जिंग बंद होऊन साधं चार्जिंग सुरू होतं. होऊ दे. टेस्टसाठी सावकाश चार्जिंगच बरं, गळती कमी आणि बॅटरी गारही राहते.

मीटर नसेलच तर ॲक्युबॅटरी नावाचं ॲप अँड्रॉइडवर आहे, ते चार्जिंग चालू असताना फोनच्याच करंट सेन्सरवरून हिशोब करून बॅटरीत किती एमएएच गेले त्याचा अंदाज देतं. ते एका चार्जिंगवर बरोबर सांगत नाही, दोन-चार मोठी चार्जिंग्ज लागतात, १५-२० टक्क्यांपासून ९० च्या पुढेपर्यंत अशी, तेव्हा आकडा स्थिरावतो. काही फोनमध्ये हा सेन्सर जास्त दाखवतो, काहींत कमी, पण बॅटरी बदलल्यावर सेन्सर तोच राहतो त्यामुळे इथेही जुनी विरुद्ध नवी ही तुलना चालते. म्हणून हे ॲप पण बॅटरी बदलायच्या आठवडाभर आधीच टाकून ठेवा.

शाओमीच्या बऱ्याच फोनमध्ये डायलरवर *#*#६४८५#*#* टाकलं की बॅटरीच्या माहितीचं पान उघडतं, त्यात एमएफ_०२ समोर चार्जिंग सायकल, एमएफ_०५ समोर फोनने धरलेली कपॅसिटी आणि एमएफ_०६ समोर मूळ कपॅसिटी अशा नोंदी असतात. स्क्रीनशॉट काढून ठेवा. पण बॅटरी बदलल्यावर हे आकडे लगेच बदलतील असं समजू नका, फोनची आठवण जुनीच राहू शकते.

नवीन बॅटरी हातात आल्यावर

पाकीट फोडताना व्हिडिओ काढा, परत करायची वेळ आली तर तेवढाच आधार. मग जुन्या बॅटरीच्या लेबलचा फोटो आणि नवीनचं लेबल शेजारी ठेवून निवांत वाचा. सगळ्यात आधी पार्ट नंबर. फोनचं नाव सारखं असून चालत नाही, नोट ७ आणि नोट ७ प्रोला एकच बॅटरी चालते पण हे प्रत्येक जोडीला लागू नाही.

मग साधा गुणाकार. एमएएच भागिले १००० गुणिले व्होल्ट म्हणजे वॅट-अवर. लेबलवर ५००० एमएएच, ३.८५ व्होल्ट असेल तर १९.२५ वॅट-अवर छापलेलं पाहिजे. पुष्कळ कॉपी बॅटऱ्यांवर एमएएच वाढवून छापतात आणि वॅट-अवर बदलायचं विसरतात, किंवा वॅट-अवर छापतच नाहीत. मोठ्या कंपन्या दोन कपॅसिटी छापतात, एक किमान आणि एक टिपिकल, ३९००/४००० अशी, तुम्ही तुलना करताना किमानवाली धरा, म्हणजे उगाच अन्याय नको.

आता लेबलवरची सगळ्यात महत्त्वाची ओळ, जी कोणीच वाचत नाही, ती म्हणजे लिमिटेड चार्ज व्होल्टेज. जुन्या काळच्या लिथियम बॅटऱ्या ४.२ व्होल्टपर्यंतच चार्ज करायच्या असत, नंतर ४.३५ आल्या, आता ४.४ आणि ४.४५ सर्रास आहेत. तुमचा फोन ४.४ पर्यंत चार्ज करणारा असेल आणि नवीन बॅटरीवर ४.२ छापलं असेल तर फोन तिला प्रत्येक चार्जिंगला तिच्या मर्यादेच्या वर ढकलणार. नुसती लवकर खराब होईल एवढंच नाही, फुगण्याचा आणि त्याहून वाईट होण्याचा धोका आहे. अशी बॅटरी टेस्टसुद्धा करू नका, सरळ परत. उलटं असेल, म्हणजे बॅटरी ४.४५ ची आणि फोन ४.४ पर्यंतच नेणारा, तर धोका नाही, फक्त थोडी कपॅसिटी वापरली जाणार नाही.

भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम बॅटरीला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी सक्तीची आहे, लेबलवर आयएस १६०४६ आणि आर- ने सुरू होणारा नंबर असतो. तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा. नंबर खरा आहे एवढ्यावर थांबू नका, तो कोणाच्या नावावर आहे आणि कुठल्या ब्रँडसाठी आहे ते वाचा, कारण दुसऱ्याचा नंबर उचलून छापणं हा काही फार अवघड उद्योग नाही. नंबर खरा निघाला म्हणजे कपॅसिटी खरी असंही नाही, ती नोंदणी सुरक्षिततेच्या चाचण्यांची असते. पण नंबरच खोटा निघाला तर पुढचं काही बघायची गरज उरत नाही.

वजन करा. हो, वजन. सोनाराच्या काट्यासारखा छोटा डिजिटल काटा तीन-चारशेत मिळतो, नाहीतर ओळखीच्या सोनाराकडे जा. बॅटरीची ताकद तिच्या आतल्या मालावर असते, आणि माल कमी घातला की वजन कमी भरतं, हे लपवणं अवघड असतं. फोनच्या चांगल्या बॅटरीत किलोमागे साधारण २५० वॅट-अवर बसतात, म्हणजे १५.४ वॅट-अवरची बॅटरी ६० ग्रॅमच्या आसपास भरायला पाहिजे. जुनी ओरिजिनल ६१ ग्रॅम आणि नवीन ५० ग्रॅम असेल तर लेबलवर काहीही लिहिलेलं असू दे, आत माल कमी आहे. याच कारणाने त्याच मापात "हाय कपॅसिटी, ४००० च्या जागी ५५००" असं जे विकतात ते सोडून द्या. नव्या फोनमध्ये सिलिकॉन-कार्बनवाल्या बॅटऱ्या आल्यात, त्यांच्यात तेवढ्याच जागेत जास्त बसतं हे खरं, पण पाच वर्षं जुन्या फोनसाठी कोणी गल्लीत बसून ते तंत्र वापरत नाहीये.

बॅटरी सपाट टेबलावर ठेवून बघा, डुगडुगते का, कुठे फुगीर आहे का, कडेला दाबल्याची खूण आहे का, गोडसर किंवा नेलपेंटसारखा वास येतोय का. यातलं एकही असेल तर परत. तारखेचा कोड वाचता आला तर वाचा, खरी कंपनीची पण तीन वर्षं गोदामात पडलेली बॅटरी ही नवीन नसते, ती न वापरताच म्हातारी झालेली असते. मोठा ब्रँड बघून हुरळून जाऊ नका ते यासाठी.

मल्टिमीटरची गोष्ट

व्होल्टेज बघायचं तर कनेक्टरवर. पण आजच्या फोनचे कनेक्टर इतके बारीक असतात की मल्टिमीटरची जाडी टोकं लावताना दोन पिना एकत्र टेकल्या की ठिणगी पडते आणि बॅटरीचं प्रोटेक्शन सर्किट जातं किंवा बॅटरी बंद पडते. हात स्थिर नसेल, बारीक सुईवाले प्रोब नसतील तर हा भाग सोडा, ज्या रिपेअरवाल्याकडे जाताय त्याच्याकडे बॅटरी तपासायचा बोर्ड बहुतेकदा असतो, त्याला सांगा माझ्यासमोर लावून दाखव.

नवीन बॅटरी साधारण ३.७ ते ३.९ व्होल्टवर आली पाहिजे. लिथियम बॅटऱ्या अर्धवट चार्ज करूनच पाठवतात, विमानाने सुट्या जाणाऱ्या बॅटऱ्यांना तर ३० टक्क्यांच्या वर चार्ज ठेवायची परवानगीच नाही. ३.५ दिसलं तर बराच काळ पडून आहे. ३ च्या खाली असेल तर मी घेत नाही. शून्य दाखवत असेल तर कधीकधी प्रोटेक्शन सर्किटने तोंड बंद केलेलं असतं आणि थोडा करंट दिला की जागी होते, पण इतकी रिकामी पडून राहिलेल्या बॅटरीच्या आत तांबं विरघळायला लागतं आणि पुढे चार्ज करताना आतून शॉर्ट व्हायचा धोका असतो. दुकानदार "बूस्ट करून देतो" म्हणेल, नको म्हणा, दुसरी द्या म्हणा.

बसवा, पण चिकटवू नका

हा सगळ्यात कामाचा सल्ला. डिंक लागला, टेप लागला की परत करताना "तुम्ही वापरलीय" हे ऐकावं लागतं, शिवाय काढताना बॅटरी वाकते ती वेगळीच. म्हणून आधी नुसता कनेक्टर लावा, बॅटरी जागेवर ठेवा, मागचं कव्हर वरून टेकवून एखादी कागदी टेप, आणि अशाच अवस्थेत पहिल्या दोन-तीन चाचण्या करा. फक्त कव्हरला फिंगरप्रिंटची किंवा कशाची पट्टी जोडलेली असेल तर ती ताणू नका, आणि फोन या दिवसांत खिशात घालून फिरू नका. फोन उघडायच्या आधी जुनी बॅटरी २५ टक्क्यांच्या खाली आणून ठेवा, चुकून पातं लागलंच तर भरलेल्या बॅटरीपेक्षा रिकामीचा तमाशा लहान असतो.

पहिलं चार्जिंग दिवसा, तुम्ही घरात जागे असताना, लादीवर किंवा कडप्प्यावर. गादीवर नाही, उशीखाली नाही, रात्री लावून झोपायचं तर नाहीच. दर दहा मिनिटांनी हात लावून बघा. कोमट चालेल. हाताला चटका वाटला, पाठ फुगायला लागली, वास आला तर चार्जर काढा आणि फोन मोकळ्यावर न्या.

त्याच वेळी तापमानाचा आकडा बघत राहा, ॲक्युबॅटरीत दिसतो. कॉम्प्युटरला फोन जोडून एडीबी (कॉम्प्युटरवरून अँड्रॉइड फोनला कमांड द्यायचं साधन) वापरता येत असेल तर डम्पसिस बॅटरी ही कमांड चालवा, तिथे तापमान ३१२ असं दिसतं, म्हणजे ३१.२ अंश, व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये दिसतं. आता गंमत बघा. चांगल्या बॅटरीत तापमान ओळखणारा एक बारीक सेन्सर असतो, त्यावरून फोन ठरवतो की चार्जिंग हळू करायचं की थांबवायचं. स्वस्त कॉपीवाले काय करतात, तो सेन्सर न घालता त्याच्या जागी साधा ठरावीक रेझिस्टर लावून मोकळे होतात. फोनला वाटतं बॅटरी कायम २५ अंशांवर आहे. बाहेर मे महिन्यात अकोल्याला ४४ अंश आहे, फोन चार्जिंगला आहे, हाताला गरम लागतोय आणि स्क्रीनवर २५ चा २५ च, तर समजून जा. ही बॅटरी कपॅसिटीला कितीही चांगली निघाली तरी ठेवू नका, कारण ती तापल्यावर फोन तिला वाचवू शकणार नाही. तपासायची सोपी पद्धत म्हणजे चार्जिंगआधीचा आकडा, अर्ध्या तासानंतरचा आणि चार्जर काढून पंख्याखाली ठेवल्यानंतरचा, तिन्ही वेगळे आले पाहिजेत. काही फोनमध्ये हा सेन्सर बॅटरीऐवजी बोर्डवर असतो, तिथे ही चाचणी फारसं सांगत नाही, पण आकडा हलला तर पाहिजेच.

आणि उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात टेस्ट करणार असाल तर सकाळी लवकर करा. साधारण ४५ अंशांच्या आसपास बॅटरी पोचली की बरेच फोन स्वतःच चार्जिंग कमी करतात किंवा थांबवतात, मग तुम्हाला वाटतं बॅटरी खराब आहे.

१०० टक्के झाल्यावर चार्जर लागलेला असताना व्होल्टेज बघा. ४.४ वाल्या फोनमध्ये ४३८० ते ४४०० मिलिव्होल्ट दिसायला पाहिजे. ४२०० लाच थांबला असेल किंवा फास्ट चार्जिंग लागतच नसेल तर बहुतेक वेळा फोनने बॅटरी ओळखलेली नसते. बॅटरीत ओळखीचा एक रेझिस्टर किंवा चिप असते, ती जुळली नाही की फोन सावध होऊन कमी करंट, कमी व्होल्टेज देतो. आतला सेल चांगला असू शकतो पण तुम्हाला त्याची पूर्ण कपॅसिटी कधीच मिळणार नाही, मग पैसे पूर्ण का द्यायचे?

आता खरी मोजणी

पहिलं चार्जिंग मोजणीत धरू नका. एकदा भरा, एकदा वापरून संपवा, परत भरा. टक्केवारी दाखवणाऱ्या सर्किटला नवीन बॅटरीची ओळख व्हायला दोन-तीन फेऱ्या लागतात, तोपर्यंत ४० वरून एकदम २८ असे झटके दिसले तर घाबरू नका. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतरही दिसले तर मात्र बॅटरीतच गडबड.

मग जुन्यासारखंच, बंद पडेपर्यंत वापरा, मीटर शून्य, फोन बंद, तोच चार्जर, तीच केबल, १०० पर्यंत. समजा जुनीला १२.५ वॅट-अवर आले होते आणि नवीनला १७.२ आले, म्हणजे नवीन जवळपास ३८ टक्के जास्त घेते. जुनी जर ॲपच्या हिशोबाने मूळच्या ७० टक्क्यांवर होती तर नवीन ९६ च्या आसपास बसली, उत्तम, चिकटवून टाका. नवीनला १३ च आले तर? गळती धरून त्यातले ११.३ बॅटरीत गेले, ३.८५ ने भागलं की २९४० एमएएच, म्हणजे ४००० च्या लेबलखाली ३००० ची बॅटरी. हा कागद घेऊन दुकानात जा, "लवकर उतरते हो" असं तोंडी सांगण्यापेक्षा याचा परिणाम फार वेगळा होतो.

माझा हिशोब असा आहे की किमान कपॅसिटीच्या ९५ टक्क्यांच्या वर आली तर छान, ९० ते ९५ असेल तर कॉपीच्या भावात घेतलेली कॉपी म्हणून ठेवायची, ८० ते ९० ला बदलून मागायची आणि ८० च्या खाली पैसे परत. ८० ही मर्यादा मी मनाने काढलेली नाही, फोन कंपन्याच बॅटरी ८० च्या खाली गेली की ती संपत आली असं धरतात. नवीन म्हणून घेतलेली वस्तू संपत आलेल्या अवस्थेत कशाला घ्यायची.

ज्यांच्याकडे हॉबीवाला बी६ चार्जर (रिमोटच्या गाड्या-विमानांच्या बॅटऱ्यांचा) आहे ते बॅटरी बाहेरच डिस्चार्ज करून मोजू शकतात, पण जुना बी६ ४.२ व्होल्टलाच थांबतो, त्यामुळे ४.४ वाली बॅटरी त्यावर कमीच भरणार. तो आकडा लेबलशी नाही, जुन्या बॅटरीच्या त्याच चार्जरवरच्या आकड्याशी ताडायचा.

दम किती आहे ते बघा

कपॅसिटी बरोबर येऊनही काही बॅटऱ्या गेम चालू केला, कॅमेऱ्याचा फ्लॅश मारला की माना टाकतात. कारण आतला रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, जास्त. हा पण घरी काढता येतो. ५०-६० टक्के चार्ज असताना फोन शांत ठेवून ॲपमध्ये व्होल्टेज आणि करंट वाचा, समजा ३.९० व्होल्ट आणि २०० मिलिअँपिअर. आता ब्राइटनेस फुल, टॉर्च चालू, कॅमेऱ्यात व्हिडिओ रेकॉर्डिंग, अर्ध्या मिनिटाने परत वाचा, समजा ३.७८ व्होल्ट आणि १४०० मिलिअँपिअर. व्होल्टेज ०.१२ ने पडलं, करंट १.२ अँपिअरने वाढला, भागाकार ०.१, म्हणजे १०० मिलिओहम. १५० पर्यंत मी काही म्हणत नाही, २५० च्या पुढे गेलं तर ती बॅटरी थंडीत आणि २० टक्क्यांच्या खाली दगा देणार. जुनी बॅटरी १८ टक्क्यांना बंद पडत होती अशी नोंद तुम्ही केली असेल तर तिचाही हा आकडा काढून ठेवायला हवा होता, फरक डोळ्यांना दिसतो. कनेक्टर नीट दाबून बसला नसेल तरी रोध जास्त येतो, म्हणून खराब आकडा आला की आधी एकदा कनेक्टर काढून लावा.

मग रात्रीची चाचणी. १०० टक्के करा, तासभर तसाच राहू द्या, व्होल्टेज लिहा, फोन पूर्ण बंद करून ठेवा, सकाळी चालू करून लगेच व्होल्टेज आणि टक्के बघा. एखाद-दुसरा टक्का गेला तर ठीक. बंद फोनमध्ये रात्रीत ५-७ टक्के गेले तर बॅटरी आतल्या आत झिरपतेय किंवा फोनच्या बोर्डवर कुठेतरी गळती आहे, जुन्या बॅटरीलाही असंच होत होतं का ते आठवा म्हणजे दोष कोणाचा ते कळेल. चाचणी दिसायला फालतू वाटते पण २०१६ ला सॅमसंगचा गॅलॅक्सी नोट ७ बॅटऱ्या पेटून परत घ्यावा लागला, त्यानंतर जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने बॅटरीच्या आठ तपासण्यांची यादी जाहीर केली, त्यात एक्स-रे वगैरेच्या जोडीला व्होल्टेज आपोआप किती पडतंय ही तपासणीसुद्धा होती. एक्स-रे आपल्याला घरी जमणार नाही, ही जमते.

आयफोनवाल्यांनी इथे थांबा

आयफोनमध्ये कपॅसिटीचा हिशोब ठेवणारी चिप बॅटरीच्याच पट्टीवर असते, आणि ती बाजारात मिळणाऱ्या प्रोग्रामरने हवी तशी लिहिता येते. त्यामुळे बॅटरी हेल्थ १०० टक्के, सायकल शून्य हे बघून खूश होण्यात अर्थ नाही, ते आकडे दुकानातच घातलेले असू शकतात. थ्रीयूटूल्स किंवा मॅकवरचं कोकोनटबॅटरी पण त्याच चिपला विचारतं, म्हणजे चोरालाच साक्षीला बोलावल्यासारखं. आयफोन एक्सआर, एक्सएसपासून पुढे बाहेरची बॅटरी टाकली की सेटिंगमध्ये बॅटरी खरी असल्याची खात्री करता येत नाही असा मेसेज येतो, तो टाळायला काही कारागीर जुन्या बॅटरीची पट्टी काढून नवीन सेलला वेल्ड करतात. मेसेज आला म्हणजे बॅटरी वाईट नाही, आणि नाही आला म्हणजे चांगलीही नाही. इथे यूएसबी मीटरच खरा. आयफोन ११ ची बॅटरी ३११० एमएएच, ११.९१ वॅट-अवर, मीटरवर साडेतेरा-चौदाच्या आसपास यायला पाहिजे. फक्त आयफोन चार्जिंगला लावला की स्वतःच चालू होतो, तेव्हा फ्लाइट मोड टाकून स्क्रीन बंद ठेवा, आणि ८० टक्क्यांवर थांबायचं ऑप्टिमाइज्ड चार्जिंग टेस्टपुरतं बंद करा.

सगळं नीट आलं तर चिकटवा, पण बिल आणि आकड्यांचा कागद वॉरंटी संपेपर्यंत ठेवा, आणि महिन्याभराने मीटरवाली चाचणी परत एकदा करा. कॉपी बॅटऱ्यांची खरी खोड तेव्हा कळते, पहिल्या दिवशी ९५ आणि महिन्यात ८५ असं झालं तर ती पुढे सावरणार नाही, सहा महिन्यांच्या वॉरंटीत तेव्हाच बदलून घ्या. खरेदीआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला भाव विचारायला विसरू नका, काही मॉडेलला बॅटरीचा भाव फिटिंगसकट बाहेरच्यापेक्षा फारसा जास्त नसतो आणि मग हे सगळं करायची वेळच येत नाही.

जुनी बॅटरी टेस्ट संपेपर्यंत फेकू नका, नवीन परत गेली तर हीच लावावी लागेल, अर्थात फुगलेली नसेल तर. फुगलेली असेल तर ती परत लावायची नाही, टोचायची नाही, दाबून सपाट करायची तर अजिबात नाही. कनेक्टरवर टेप मारा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात किंवा जिथून नवीन घेतली त्या दुकानात द्या. घंटागाडीत टाकली की गाडीतल्या दाबणीत ती फुटते आणि कचरा पेटतो.